डाउनलोड केलेला सिनेमा नेमका गाडीतच का चालत नाही? दर सुट्टीत येणारा प्रॉब्लेम आणि त्यावरचे उपाय

दर मे महिन्यात आणि दर गणपतीत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज ठरलेला असतो, "अगं ते डाउनलोड केलेलं चालतच नाहीये, काय करू?" आणि पाठवणारा माणूस कायम गाडीत बसलेला असतो, म्हणजे करण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. मी स्वतः यातल्या बहुतेक सगळ्या खड्ड्यांत पडून झालेय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी माझीच फजिती सांगते. ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसने कुडाळला चाललो होतो, मुलगी तेव्हा सहा वर्षांची, सोबत सासूबाई. आदल्या रात्री बारापर्यंत जागून मुलीसाठी दोन कार्टून सिनेमे आणि सासूबाईंसाठी एक जुना मराठी असं सगळं फोनवर उतरवून घेतलेलं. माणगाव गेल्यावर पोरीने सिनेमा लावला, मस्त चालला, मधे कितीतरी वेळ नेटवर्क नव्हतं तरी चालला. चिपळूण आलं, फोनला चार काड्या आल्या, टिंगटिंग करत सगळे मेसेज पडले, गाडी सुटली आणि सिनेमा बंद. ॲप म्हणतंय साइन इन करा. ओटीपी माझ्या नंबरवर येत नाही कारण अकाउंट दिराचं. तेवढ्यात पुन्हा रेंज गेली, मग उक्षीच्या पुढे तो करबुड्याचा बोगदा, साडेसहा किलोमीटरचा, अख्ख्या कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, आणि त्या अंधारात पोरीने काढलेलं भोकाड शेजारच्या डब्यापर्यंत गेलं असणार. रत्नागिरीला दिराला फोन लावला तर तो म्हणतो, "वहिनी, कुठूनतरी भलतीकडून लॉगिन झाल्याचा मेल आला होता म्हणून काल रात्री पासवर्ड बदलला, आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट पण करून टाकलं." त्याचं काही चुकलं नव्हतं हो, पण मला त्या क्षणी त्याचा गळा दाबावासा वाटला.

आता गंमत बघा, नेटवर्क नव्हतं तोपर्यंत सिनेमा चालत होता, आणि नेटवर्क आलं म्हणून बंद पडला. हे डोक्यात शिरलं तेव्हा बाकीचं कोडं आपोआप सुटत गेलं.

आपण "डाउनलोड" म्हणतो ते गाणी पेनड्राइव्हवर घ्यायचो तसं नसतं. सिनेमाची फाइल आपल्या फोनवर येते पण कुलूपबंद येते, आणि तिची किल्ली वेगळी येते. ही किल्ली त्याच फोनला, त्याच ॲपला, त्याच अकाउंटला बांधलेली असते आणि तिला घड्याळ लावलेलं असतं. याला डीआरएम म्हणतात, अँड्रॉइडवर ते काम वाइडवाइन करतं आणि ॲपलच्या फोनवर फेअरप्ले. म्हणून ती फाइल शेअर करून दुसऱ्या फोनवर टाकली तर चालत नाही, एसडी कार्डवर उतरवून ते कार्ड दुसऱ्या फोनमध्ये घातलं तरी चालत नाही. आणि फोनला जरा नेट मिळालं की ॲप गुपचूप वर विचारून येतं की बाबा ही किल्ली अजून चालू ठेवायची का. माझ्या बाबतीत चिपळूणला उत्तर आलं, नाही.

सुट्टीतल्या दहापैकी नऊ तक्रारी या किल्लीच्या असतात, डाउनलोडच्या नसतात. त्यामुळे फोन रीस्टार्ट कर, ॲप काढून परत टाक हे जे आपण घाबरून करतो त्याने काही होत नाही, उलट ॲप काढलं की उतरवलेलं सगळंच जातं.

सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं म्हणजे "एक्स्पायर झालं म्हणतंय, कालच तर उतरवलं होतं." इथे दोन घड्याळं असतात आणि लोकांना एकच माहीत असतं. पहिलं घड्याळ उतरवल्यापासून चालू होतं, दुसरं प्ले दाबल्यापासून. नेटफ्लिक्सवर काही सिनेमे आठवडाभर किंवा जास्त टिकतात, पण काहींना पहिल्यांदा प्ले दाबल्यापासून ४८ तासच मिळतात. प्राइम व्हिडिओवर साधारणपणे बघायला सुरुवात करायला ३० दिवस आणि एकदा सुरू केलं की ४८ तास. भाड्याने घेतलेल्या सिनेमांचंही, म्हणजे ॲपल टीव्ही किंवा यूट्यूबवर पैसे भरून जे घेतो त्यांचं, गणित बहुतेक असंच, ३० दिवस आणि ४८ तास.

आता यात खरी मेख कुठे आहे सांगते. सगळे शहाणे लोक सल्ला देतात की निघायच्या आधी एअरप्लेन मोड टाकून सगळे सिनेमे एकदा चालवून बघा. मीही तेच करायचे. सहाच्या सहा सिनेमे शुक्रवारी रात्री पाच-पाच सेकंद चालवून बघितले, सगळे चालले, खूश होऊन झोपले, आणि रविवारी रात्री तारकर्लीला त्यातले तीन बंद! कारण ते पाच सेकंद म्हणजेच प्ले दाबणं. तपासता तपासता मीच घड्याळ चालू करून ठेवलं होतं. सुट्टी दोन दिवसांची असेल तर हे कधी कळतही नाही, लांबची असेल तर हमखास फसतो माणूस.

म्हणून आता मी असं करते, प्रत्येक ॲपमधला एकच सिनेमा चालवून बघते, तोही असा जो पहिल्याच दिवशी गाडीत संपवायचाय. तो एअरप्लेन मोडमध्ये चालला म्हणजे ॲप, अकाउंट, किल्ली सगळं जागेवर आहे. बाकीच्यांना हात लावायचा नाही, फक्त डाउनलोडच्या यादीत जाऊन समोर किती दिवस उरलेत ते लिहिलंय का बघायचं. बऱ्याचदा मुदत संपत आली की तिथेच दिसतं. आणि भाड्याचा सिनेमा असेल तर चुकूनसुद्धा प्ले दाबायचा नाही, तिथे तर पैसेच जातात.

मुदत संपली तरी फाइल बहुतेक वेळा फोनवरच असते. थोडं नेट मिळालं आणि त्या सिनेमासमोरच्या उद्गारचिन्हावर टॅप केलं की किल्ली नवी होऊन येते, अख्खं एक जीबी परत उतरवायला लागत नाही. त्यामुळे हॉटेलचं वायफाय कितीही रडकं असलं तरी या कामाला पुरतं. फक्त काही सिनेमांना वर्षातून किती वेळा उतरवायचे याचीसुद्धा मर्यादा असते, म्हणून उगाच दर आठवड्याला काढघाल करत बसू नका. लडाखला आम्ही गेलो तेव्हा आमची प्रीपेड सिमं तिथे चाललीच नव्हती, पोस्टपेड फक्त नवऱ्याच्या ऑफिसचं, आणि सुट्टी दहा दिवसांची. तर अशा ठिकाणी जाताना सात दिवसांवाले सिनेमे आधी बघायचे आणि महिनाभर टिकणारे शेवटच्या दिवसांसाठी ठेवायचे. फ्रिजमधलं दूध आधी संपवतो तसंच.

साइन आउटचं वर सांगितलंच. अकाउंट दुसऱ्याचं असेल तर निघायच्या आधी त्या माणसाला स्पष्ट सांगा की सोमवारपर्यंत पासवर्डला हात लावू नकोस आणि प्लॅनपण बदलू नकोस. तसंही नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एका घराबाहेर अकाउंट वाटून घेण्यावर बंधन आणलंय, त्यामुळे मावशीच्या अकाउंटवर अवलंबून राहून सुट्टीचं प्लॅनिंग करायचे दिवस गेले. एका महिन्याचा मोबाइल प्लॅन स्वतः घ्या, एका पिझ्झापेक्षा स्वस्त पडतो आणि पुढच्या महिन्यात बंद करून टाकता येतो. हां, पण सुट्टी संपायच्या आत बिलाचा महिना संपत नाही ना ते बघा, कारण मेंबरशिप संपली की डाउनलोडही गेले. मोबाइलच्या रिचार्जसोबत फुकट मिळालेलं ओटीटी असेल तर हे जास्तच सांभाळा, रिचार्ज २८ दिवसांचा असतो आणि तो बरोबर सुट्टीच्या मधल्या दिवशी संपतो, अनुभव आहे.

"या अकाउंटवर आणखी डिव्हाइसवर डाउनलोड करता येणार नाही" असं आलं तर कारण बहुतेक वेळा जुना फोन. एक्स्चेंजमध्ये दिला, त्यातले डाउनलोड काढले नव्हते, झालं, जागा अडकली. नेटफ्लिक्सच्या मोबाइल आणि बेसिक प्लॅनवर एकाच डिव्हाइसवर उतरवता येतं, स्टँडर्डवर दोन, प्रीमियमवर सहा. अकाउंटच्या पानावर जाऊन जुनं डिव्हाइस काढून टाकलं की जागा मोकळी होते, पण हे घरच्या वायफायवर बसून करायचं काम आहे, कशेडी घाटात नाही.

डाउनलोड अडकून बसणं हा तसा सोपा प्रकार. टक्का पुढे सरकत नसेल तर पहिल्यांदा "फक्त वायफायवर डाउनलोड" हे चालू आहे का बघा, मोबाइल डेटावर असाल तर तो नुसता वाट बघत बसतो. दुसरं म्हणजे बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवायचा उत्साह फार असतो, स्क्रीन बंद झाली की पाच मिनिटांत मागचं डाउनलोड मारून टाकतात. सेटिंगमध्ये त्या ॲपचं बॅटरीचं बंधन काढा, किंवा सरळ चार्जरला लावून ॲप उघडं ठेवून जेवायला जा. जागेचं म्हणाल तर क्वालिटी स्टँडर्डच ठेवा, अडीच तासाचा सिनेमा माझ्या फोनवर एक जीबीच्या आतबाहेर बसतो, हाय केलं की दुप्पट-तिप्पट होतो आणि सहा इंचाच्या स्क्रीनवर कोणाला फरक कळतोय. ज्यांच्या घरी वायफाय नाही, रोजच्या दीड-दोन जीबीवर भागवायचंय, त्यांनी निघायच्या चार दिवस आधीपासून रोज रात्री उरलेला डेटा बाराच्या आत एकेका सिनेमावर खर्च करावा, तसाही तो वायाच जातो. माझी आई हे असंच करते आणि तिचं नियोजन आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं असतं.

आता लहान मुलांच्या आईबापांसाठी. नेटफ्लिक्समध्ये स्मार्ट डाउनलोड म्हणून एक भानगड असते. बघून झालेला एपिसोड तो वायफाय मिळाल्यावर स्वतःच काढून टाकतो आणि पुढचा उतरवतो. मोठ्यांसाठी छानच आहे, पण सहा वर्षांच्या पोरीला पुढचा नको असतो, तोच हवा असतो, काल अकरा वेळा बघितलेला तोच. मुलांचं असेल तर हे आठवणीने बंद करा.

आणि भाषा! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ऑनलाइन बघताना सिनेमाला सात भाषा दिसतात, पण उतरवताना जागा वाचवायला त्यातल्या एक-दोनच येतात, तुमच्या सेटिंगप्रमाणे. मी एक मल्याळम सिनेमा सासूबाईंना हिंदीत दाखवायला म्हणून घेतला आणि गाडीत उघडला तर मल्याळम आणि इंग्रजी सबटायटल. त्यांनी तो तसाच शेवटपर्यंत बघितला, वर गोष्ट मला समजावून सांगितली, आणि गोष्ट बऱ्यापैकी बरोबर होती ते सोडा. तर उतरवायच्या आधी सिनेमा लावून भाषा निवडा किंवा ॲपच्या डाउनलोड सेटिंगमध्ये ऑडिओची भाषा बघा, प्राइमवर तिथे निवडता येते. पण भाषेसाठी सिनेमा लावायचा असेल तर तो उतरवायच्या आधी, नंतर नाही, नाहीतर परत ते ४८ तासांचं लचांड.

हॉटेलच्या टीव्हीवर लावायचा विचार असेल तर सोडून द्या, असं माझं मत आहे. स्क्रीन मिरर केली की आवाज येतो आणि चित्र काळं, ते फोन बिघडला म्हणून नाही, ॲपच अडवतं. केबल जोडायची म्हटलं तर एक म्हणजे स्वस्तातल्या बऱ्याच फोनचं टाइप-सी पोर्ट बाहेर चित्र देतच नाही, आणि देत असलं तरी तिथेही तेच कुलूप आडवं येऊ शकतं. लॅपटॉप नेऊ म्हणाल तर नेटफ्लिक्सने २०२४ मध्ये विंडोजच्या नव्या ॲपमधून डाउनलोडची सोय काढूनच टाकली. राहिला टॅब. सिम नसलेला, फक्त वायफायवाला जुना टॅब असेल तर सोनं आहे, कारण वाटेत चिपळूणला त्याला नेटवर्क येतच नाही आणि कोणी त्याला साइन आउट करू शकत नाही. आमचा टॅब आता घरातून निघताना एअरप्लेन मोडवर जातो, हेडफोनपुरतं ब्लूटूथ तेवढं चालू, आणि परत घरी आल्यावरच जागा होतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. प्रत्येक देशाची यादी वेगळी असते. इथे उतरवलेला सिनेमा तिकडे परवान्यात नसेल तर दुबईत उतरून वायफाय जोडल्यावर तो बंद पडू शकतो. विमानात बघायचं ते विमानातच संपवा. आणि व्हीपीएन लावून इथला देश दाखवायचा जुगाड ॲपवाले पकडतात, त्यावर सुट्टी उभी करू नका.

आता यावर कोणीतरी म्हणणारच की एवढी कटकट कशाला, टेलिग्रामवरून घे, कुलूप नाही किल्ली नाही. मला तो मोह होत नाही असं नाही. पण एकतर तो नवा मराठी सिनेमा आधीच कसाबसा दोन आठवडे थिएटरात टिकतो, त्याचं जे काय येतं ते याच ओटीटीकडून, आणि दुसरं म्हणजे २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या दुरुस्तीनंतर चोरून रेकॉर्ड करणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि कमीत कमी ३ लाख दंड आहे. फॅमिली ग्रुपवर प्रिंट टाकणाऱ्या काकांना हे कोणीतरी सांगा.

आणि बिनकुलपाचं, तेही कायदेशीर, हवंच असेल तर आहे की. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, म्हणजे १९६० च्या आधीचे आपले सिनेमे आता मोकळे आहेत. फाळक्यांच्या १९१३ च्या राजा हरिश्चंद्रपासून प्रभातच्या १९३६ च्या संत तुकारामपर्यंतचा काळ यात आला. इंटरनेट आर्काइव्हवर अशा जुन्या सिनेमांच्या साध्या फाइल मिळतात, व्हीएलसी प्लेअर ॲपमध्ये टाका, कितीही वेळा बघा, पेनड्राइव्हवर घेऊन मामाच्या टीव्हीला लावा. फक्त तिथे कोणीही काहीही चढवतं, त्यामुळे वर्ष तपासून घ्या. यूट्यूबवरही निर्मात्यांच्या स्वतःच्या चॅनलवर पूर्ण मराठी सिनेमे असतात. प्रीमियम असेल तर ते ॲपमध्ये उतरवून महिन्यातून एकदा नेट जोडलं की पुरतं, आणि प्रीमियम नसलं तरी भारतात बऱ्याच व्हिडिओंना खाली डाउनलोडचं बटण असतं, ते साधारण ४८ तास चालतं. एका दिवसाच्या एसटी प्रवासाला त्याहून जास्त लागतंय काय.

तुम्ही हे आत्ता गाडीत बसूनच वाचत असाल, आणि पोरगं मांडीवर रडत असेल, तर वरचं सगळं सोडा. लॉग आउट करू नका, ॲप काढू नका, क्लिअर डेटा तर अजिबात नको, क्लीनर चालवू नका. फोनची तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे ना बघा, कोणी गेमसाठी तारीख बदलून ठेवली असेल तर किल्ली नाकारली जाते, माझ्या भाच्याने हा उद्योग केलेला आहे. ॲप फोर्स स्टॉप करून परत उघडा आणि सरळ डाउनलोडच्या पानावर जा, होमवर नको, तो लोड व्हायला बघतो आणि अडकतो. तरी नाही चाललं तर मोठ्या स्टेशनची वाट बघा, गाडी थांबल्या थांबल्या उद्गारचिन्हावर टॅप करा, ते नाही जमलं तर सगळ्यात कमी क्वालिटीला एकच वीस मिनिटांचा एपिसोड उतरवायला लावा, अख्खा सिनेमा नको. आणि तो उतरला की लगेच एअरप्लेन मोड.